दंडाचं लुगडं: हा दंड कुठला?

प्रश्न असा आलाय की पणजीबद्दल बोलताना आजी नेहमी म्हणते, "आईच्या अंगावर कायम दंडाचंच लुगडं", तर हा दंड कोर्टाचा की हाताचा? दोन्ही नाही हो 😀 इथे दंड म्हणजे जोडाची शिवण. काही जण दांड पण म्हणतात.

नऊवारी लुगडं सगळीकडून सारखं विरत नाही. कासोटा घालून नेसायचं, त्यातच शेतात खुरपायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, त्यामुळे बसायला येणारा भाग आधी जातो आणि पदर न् काठ मात्र धडधाकट. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि राहिलेले दोन तुकडे एकमेकांना शिवून टाकायचे, हे झालं दंड घालणं. अर्थात लुगडं आखूड होतं, पण शंभर वर्षांपूर्वी राबणाऱ्या बाया तसंही गुडघ्यापर्यंत ओढूनच नेसायच्या, त्यामुळे फारसं अडत नसे. लांबी फारच कमी पडली तर दुसऱ्या जुनेराचा धडपा जोडायचा. जुनेर म्हणजे वापरून जुनं झालेलं लुगडं आणि धडपा म्हणजे त्याचा अर्धा-मुर्धा तुकडा, हे दोन्ही शब्द आता ऐकूच येत नाहीत.

आमच्या आज्जीच्या ट्रंकेत असं एक लुगडं होतं. अर्धं हिरवं, अर्धं काळपट लाल, मध्ये बारीक धावदोऱ्याची दुहेरी शिवण, बोट फिरवलं की दोरीसारखी लागायची. नेसताना ती शिवण निऱ्यांच्या आत जाईल असं बघायचं म्हणे, पण कामात वाकलं की दंड बाहेर यायचाच आणि चारचौघींना कळायचंच. गडद रंगच का, तर मळखाऊ म्हणून, बाकी हौसमौज काही नाही.

हे फक्त खेड्यातलं नाही. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या भागात, वाइंडिंग, रिळिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात काम करणाऱ्या बायका होत्या, १८९१ च्या कारखाना कायद्याने त्यांचे तास दिवसाला ११ वर आणले होते (म्हणजे त्याआधी काय असेल बघा), त्यांचाही वेष हाच, नऊवारी लुगडं आणि पुढे गाठ मारायची चोळी. पदर कमरेला घट्ट खोचलेला, कारण तो यंत्रात गेला की संपलंच. हातावर पोट असणाऱ्या घरात लुगडी दोनच, एक अंगावर आणि एक वलणीवर. "नेसेन तर पैठणीच नेसेन" ही म्हण या बायकांनी काढलेली नसणार हे नक्की.

जाता जाता, लुगडं नेसतात, चोळी घालतात. हल्ली "साडी घातली" ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते, असो.

आणि दंड घातलेलं लुगडंही विरलं की संपत नसे. त्यातून पोरीला नेसायला धडपा, तान्ह्याला दुपटं, राहिलेलं वाकळेत, आणि अगदीच चिंध्या झाल्या की चूल सारवायचं पोतेरं. 'जिवाचं पोतेरं झालं' म्हणतो ना आपण, ते हेच पोतेरं.