नाटकाच्या क्लासला नाव घालण्याआधी काय बघावं?

आधी एक तास नुसतं बसून बघू देतात का, ते विचारा. बसलात की शिकवणाऱ्याकडे नाही, शिकणाऱ्यांकडे बघा: किती जण उठून काम करतायत आणि किती नुसते भिंतीला टेकून बसलेत? माझ्या मते यातच सगळं कळतं. चांगल्या वर्गात सुरुवातीला संहितेची घाई नसते. श्वास, आवाज, समोरच्याचं ऐकणं यावरच घाम गाळतात. रंगमंचावरची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत पोचली पाहिजे, तीही घसा न ताणता, पोटातून श्वास घेऊन. रोज घसा बसत असेल तर पद्धत चुकतेय. शेवटी प्रयोग करणार का, तेही विचारा. आणि हो, नाटकं बघत राहा. एकच नाटक दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त न बोलणाऱ्या नटाकडे.