वाचकांचे प्रश्न : बफेलो सेबर्सने कोण दिलं, काय घेतलं

ऑगस्ट 2025

नायगारा नदीच्या दोन्ही काठांवरच्या मराठी घरांतून, बफेलोकडून आणि पलीकडे हॅमिल्टन-मिसिसागाहून, या महिन्यात प्रश्न आले ते बर्फावरच्या हॉकीचे. उत्तर अमेरिकेच्या हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, संघ 32, हंगामानंतरच्या बाद फेरीला, प्लेऑफला, जातात 16. बफेलोचा संघ सेबर्स 2011 नंतर 2025 पर्यंत एकदाही गेला नाही. सलग 14 हंगाम बाहेर राहण्याचा हा लीगमधला विक्रम आहे. पत्रांमधला राग समजण्यासारखा आहे. पण बरेच प्रश्न नावांभोवती फिरतात आणि करारांकडे दुर्लक्ष होतं, म्हणून उत्तरांत आकडे जास्त आहेत.

प्रश्न : 2018 साली रायन ओरायली सेंट लुइसला दिला म्हणून लोक अजून बोटं मोडतात. पण बदल्यात आलेल्या टेज थॉम्पसनने 2022-23 मध्ये 47 गोल केले, गेल्या हंगामात 44. मग व्यवहार आपणच जिंकला ना?
(एक वाचक, अ‍ॅमहर्स्ट)

नाही. थॉम्पसन मोठा खेळाडू झाला म्हणून तो व्यवहार चांगला ठरत नाही.

1 जुलै 2018 ला ओरायलीच्या कराराची 5 वर्षं शिल्लक होती, कॅपवर, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या लीगच्या मर्यादेत, दरवर्षी 75 लाख डॉलर. म्हणजे करार संपतोय, खेळाडू हातचा जाईल, अशी कोणतीही घाई नव्हती. एकच गोष्ट दाराशी उभी होती : त्याच दिवशी त्याला 75 लाखांचा बोनस द्यायचा होता. ट्रेड झाला आणि तो बोनस सेंट लुइसने भरला. बदल्यात आले व्लादिमिर सोबोट्का, पॅट्रिक बर्गलंड, थॉम्पसन, 2019 चा पहिल्या फेरीचा पिक आणि 2021 चा दुसऱ्या फेरीचा (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू उचलायचा हक्क).

ओरायली संघासाठी काय करत होता ते पाहा. 2017-18 मध्ये त्याने 1,273 फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पकसाठी (खेळाच्या रबरी चकतीसाठी) दोघांत होणाऱ्या झटापटी, जिंकले, एका हंगामातला तो विक्रम होता. आपल्या गोलसमोरचे फेसऑफ तो घ्यायचा, समोरच्या संघाच्या हल्लेखोरांची पहिली फळी तो अंगावर घ्यायचा, त्यामुळे संघाचा मोठा खेळाडू जॅक आयकल हल्ल्यासाठी मोकळा राहायचा. ते काम करणारा दुसरा सेंटर, म्हणजे फेसऑफ घेणारा मधला खेळाडू, आणलाच नाही. बर्गलंडचा करार डिसेंबर 2018 मध्येच संपुष्टात आला. थॉम्पसनने त्या हंगामात 65 सामन्यांत 7 गोल केले, तेही विंगवर (कडेला). नोव्हेंबर 2018 मध्ये संघाने सलग 10 सामने जिंकले होते, तरी हंगाम 76 गुणांवर संपला. तिकडे सेंट लुइसने 2019 चा स्टॅनली कप, लीगचं विजेतेपद, जिंकला, ओरायली प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि विजेत्याची पाळी शेवटची असल्यामुळे आपल्याकडे आलेला पिक घसरून 31 वा झाला.

थॉम्पसनला सेंटरला खेळवायचं ठरलं 2021 च्या शरद ऋतूत, डॉन ग्रॅनॅटो प्रशिक्षक असताना. त्या वर्षी 38 गोल. पण तोवर हा ट्रेड करणारे जनरल मॅनेजर (संघबांधणीचे प्रमुख) जेसन बॉटरिल जाऊन एक वर्ष उलटलं होतं आणि दोन प्रशिक्षक बदलले होते. कोणताही ट्रेड तोलताना आधी हे विचारावं : गेलेल्या माणसाची मिनिटं पुढचे दोन हंगाम कोण खेळणार? त्याला उत्तर नसेल, तर मिळालेला मुलगा पाच वर्षांनी काय होतो हा वेगळा हिशेब आहे.

प्रश्न : सॅम राइनहार्टला राहायचंच नव्हतं असं म्हणतात. मग संघाचा काय दोष?
(वाचक, मिसिसागा)

दोष 2021 मध्ये शोधू नका, 2018 आणि 2020 मध्ये शोधा.

ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क कायमचा नसतो. सात हंगाम पूर्ण झाले किंवा तो 27 वर्षांचा झाला की तो मुक्त होतो. राइनहार्टचे मोजणीत येणारे हंगाम 2015-16 पासून सुरू होतात, म्हणजे तो 2022 च्या उन्हाळ्यात सुटणार हे सुरुवातीपासून माहीत होतं. पहिला तीन वर्षांचा करार संपल्यावर संघाने 2018 मध्ये त्याला दोन वर्षांचा छोटा करार दिला, वर्षाला 36 लाख 50 हजार. त्याला इकडे ब्रिज म्हणतात. पैसे वाचतात हे खरं. पण 2020 मध्ये तो संपल्यावर पुन्हा एकाच वर्षाचा करार झाला, 52 लाखांचा. अशी सात वर्षं तुकड्यातुकड्यांनी संपवली. 2021 च्या उन्हाळ्यात संघाकडे हक्काचं एकच वर्ष उरलं, आणि हे समोर बसलेल्या प्रत्येक जनरल मॅनेजरला ठाऊक होतं. अडला हरी म्हणतात तशी गत.

24 जुलै 2021 ला फ्लोरिडाने त्याच्यासाठी गोलकीपर डेव्हन लेव्ही आणि 2022 चा पहिल्या फेरीचा पिक दिला. त्या 28 व्या पिकवर यिरी कुलिख आला, मुलगा गुणी आहे, गेल्या हंगामात त्याने 15 गोल केले. राइनहार्टने 2023-24 मध्ये 57 केले, 2024 च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात कप जिंकून देणारा गोल त्याचाच, आणि 2025 मध्ये फ्लोरिडाने कप राखला.

2018 मध्येच सहा-सात वर्षांचा करार केला असता तर त्या वेळी तो महाग वाटला असता, इतकंच. थॉम्पसनच्या बाबतीत बॉटरिल यांच्यानंतरचे जनरल मॅनेजर केव्हिन अ‍ॅडम्स यांनी हेच केलं. ऑगस्ट 2022 मध्ये, जुन्या कराराचं एक वर्ष बाकी असतानाच, 7 वर्षं आणि 5 कोटी. कॅपवर वर्षाला सुमारे 71 लाख. चाळीसच्या वर गोल करणाऱ्या सेंटरसाठी हा भाव आज स्वस्त आहे. मात्र हे औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. डिलन कोझन्सला 31 गोलांच्या हंगामातच 7 वर्षं, दरवर्षी 71 लाख दिले. पुढच्या वर्षी 18 गोल, आणि मार्च 2025 मध्ये तो ओटावाला गेला.

प्रश्न : आयकलच्या मानेचं नेमकं भांडण काय होतं? आणि एवढ्या मोठ्या खेळाडूचं एवढंच मोल?

मार्च 2021 मध्ये त्याच्या मानेतली चकती सरकली. संघाच्या डॉक्टरांचं मत मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचं, त्याला हवी होती कृत्रिम चकती. एनएचएलच्या कोणत्याही खेळाडूवर ती शस्त्रक्रिया तोवर झाली नव्हती, आणि खेळाडू संघटनेशी झालेल्या करारानुसार अंतिम शब्द संघाचा. सप्टेंबरमध्ये त्याचं कर्णधारपद काढलं. 4 नोव्हेंबरला तो व्हेगासला गेला आणि आठवड्याभरात त्याच्या मनासारखी शस्त्रक्रिया झाली.

मोल कमी का आलं? खेळाडू जायबंदी, उपचारावर वाद, त्याच्या करारातली 'हलवू नका' ही अट 2022 च्या उन्हाळ्यात लागू होणार, आणि वर्षाला 1 कोटी कॅपवर घ्यायची तयारी मोजक्याच संघांची. एवढं सगळं विरुद्ध असताना अ‍ॅलेक्स टक, पेटन क्रेब्ज आणि 2022 चा पहिल्या फेरीचा पिक पदरात पाडणं वाईट नव्हतं. तीन मोठ्या व्यवहारांत त्यातल्या त्यात बरा हाच, कारण टक तेव्हाच एनएचएलचा पक्का खेळाडू होता. 2023 चा कप आयकलने जिंकला, त्याचं दुःख वेगळं आहे आणि ते खरं आहे.

प्रश्न : जेफ स्किनर 2024 मध्ये गेला. तरी 2026-27 मध्ये त्याच्या नावाने 64 लाख कॅपवर कसे?
(वाचक, पुणे)

बायआउट म्हणजे ठरावीक पैसे देऊन खेळाडूचा करार मोडणं. त्याचा हिशेब असा. स्किनरचा करार 8 वर्षांचा, 7 कोटी 20 लाखांचा, म्हणजे कॅपवर दरवर्षी 90 लाख. 2024 मध्ये 3 वर्षं बाकी होती, पण प्रत्यक्ष पगार दरवर्षी वेगळा : 1 कोटी, 70 लाख, 50 लाख. एकूण 2 कोटी 20 लाख. खेळाडू 26 किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश द्यावा लागतो, आणि तो उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. दोन तृतीयांश म्हणजे सुमारे 1 कोटी 46 लाख 67 हजार. भागिले 6, वर्षाला 24 लाख 44 हजार.

आता कॅप. मूळ 90 लाखांतून त्या वर्षी वाचलेला पगार वजा करायचा.

2024-25 : 1 कोटीऐवजी 24.44 लाख दिले, वाचले 75.56. कॅपवर 14.44 लाख.
2025-26 : 70 ऐवजी 24.44, वाचले 45.56. कॅपवर 44.44 लाख.
2026-27 : 50 ऐवजी 24.44, वाचले फक्त 25.56. कॅपवर 64.44 लाख.
त्यानंतर 2029-30 पर्यंत दरवर्षी 24.44 लाख.

करार जितका पुढे भरलेला, म्हणजे सुरुवातीला पगार जास्त आणि शेवटी कमी, तितका बायआउटचा चटका शेवटच्या वर्षी मोठा. दुसरा मार्ग होता पगाराचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, स्वतःकडे ठेवून ट्रेड करण्याचा. पण स्किनरच्या करारातही 'हलवू नका' ही अट होती, त्यामुळे त्याच्या होकाराशिवाय तो बंद. ही अट भाव कसा पाडते हे टेलर हॉलने दाखवलं होतं. 2020-21 साठी 80 लाखांवर आला, 37 सामन्यांत 2 गोल, आणि जायची वेळ आल्यावर त्याला बोस्टनच हवं होतं. एकच गिऱ्हाईक असल्यावर लिलाव होत नाही. सोबत कर्टिस लझारही दिला, तरी अँडर्स ब्योर्क आणि दुसऱ्या फेरीचा पिक एवढंच आलं.

प्रश्न : जेजे पेटरकाने गेल्या हंगामात 68 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले. त्याला युटाला देऊन एक बचावपटू आणि जॉश डोन? मला हे पटत नाही.
(वाचक, हॅमिल्टन)

गुणांच्या वजाबाकीत हा तोटाच आहे, 27 गोल सहज भरून निघत नाहीत. पण तो बचावपटू, मायकल केसलरिंग, का हवा होता, ते बचावफळीच्या यादीत दिसतं. रास्मुस डालिन, ओवेन पॉवर, बोवेन बायरम, मॅटियस सॅम्युएलसन. चौघेही डावखुरी स्टिक धरणारे.

डावखुरा खेळाडू उजव्या बाजूला उभा करा. पक उजव्या फळीला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीला, घासत कोपऱ्यात येतो. त्याच्या स्टिकचं पातं डावीकडे, बर्फाच्या मध्याकडे असतं, म्हणून पक त्याला उलट्या पात्याने, बॅकहँडने उचलावा लागतो. फळीच्या कडेने पास द्यायचा तोही बॅकहँडनेच, त्यात जोर कमी आणि उंची आवरत नाही. पाठीवर फोरचेकर (पक हिसकावायला येणारा विरोधी खेळाडू) आलेला असतो. मग पक काचेवर आपटून बाहेर काढण्यापलीकडे काही सुचत नाही आणि तो समोरच्यांच्या हातात जातो. समोरच्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेवर पक आत राखतानाही हीच अडचण. फायदा एकच, मधून आलेला पास थेट मारायला कोन चांगला मिळतो. केसलरिंग उजव्या हाताचा, सहा फूट पाच इंच. पॉवरच्या शेजारी तो टिकला तर पॉवर त्याच्या नैसर्गिक डाव्या बाजूला खेळेल. संघ वर्षाला 83 लाख 50 हजार मोजतो तो त्यासाठी.

तुमचा आक्षेप एका ठिकाणी पूर्ण बरोबर आहे. पेटरकाच्या जागी 25 गोलांचा विंगर अजून आणलेला नाही. ओरायलीच्या वेळची चूक हीच होती.

प्रश्न : अ‍ॅलेक्स टकचं आता काय करावं?
(या आशयाची चार पत्रं)

टकचा करार वर्षाला 47 लाख 50 हजार, तो 2026 च्या उन्हाळ्यात संपतो. गेल्या हंगामात 36 गोल. 1 जुलैपासून मुदतवाढीवर सही करता येते.

2026-27 चा कॅप 10 कोटी 40 लाख जाहीर झाला आहे. त्या हंगामाचे हातातले मोठे आकडे, लाखांत : डालिन 110, पॉवर 83.5, नॉरिस 79.5, थॉम्पसन 71.4, बायरम 62.5, मॅक्लाउड 50, झकर 47.5, लुकोनेन 47.5, सॅम्युएलसन 42.9, ग्रीनवे 40. त्यात स्किनरचे 64.4. बेरीज सुमारे 6 कोटी 99 लाख. उरतात 3 कोटी 41 लाख आणि 23 जणांच्या संघातल्या 13 जागा. टकला समजा 90 लाख दिले, तर 12 जागांना 2 कोटी 51 लाख, सरासरी जेमतेम 21 लाख. त्यातच झॅक बेन्सन आणि केसलरिंग यांचे करारही त्याच उन्हाळ्यात संपतात. जमेल, पण ताणून. हा ताण एकाच वर्षाचा आहे, 2027-28 ला स्किनरचा आकडा 40 लाखांनी उतरतो.

माझं मत : सराव शिबिराआधी सही करून टाकावी, लागलं तर वर्षं वाढवून वार्षिक आकडा खाली आणावा. 2025-26 च्या नियमानुसार आठ वर्षं फक्त स्वतःचा संघ देऊ शकतो, बाहेरच्यांना सातच देता येतात, हे हत्यार बफेलोच्या हातात आहे. टक 29 वर्षांचा आहे, शेवटची दोन-तीन वर्षं जड जातील हे धरूनच चालावं. सिरॅक्यूजजवळ वाढलेला, बफेलोत खेळायला आवडतं असं उघड सांगणारा खेळाडू या संघाला पुन्हा कधी मिळेल?

सही नाहीच झाली, तर मार्चमधल्या ट्रेडच्या डेडलाइनपर्यंत थांबू नये. लिनस उल्मार्क 2021 मध्ये असाच करार संपून बोस्टनला गेला, बदल्यात काहीही आलं नाही, आणि दोनच वर्षांत तो लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. टक द्यायची वेळ आलीच तर पिक नकोत. आज एनएचएलमध्ये खेळणारा, निदान दोन वर्षं करारात असलेला पुढच्या फळीतला खेळाडू मागावा. पहिल्या फेरीचा 28 वा किंवा 31 वा पिक संघात यायला तीन-चार वर्षं घेतो, आणि हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यात या संघाची बरीच वर्षं गेली आहेत.