यूकेतल्या एमएससी एचआरएमचं डिझर्टेशन: चाकण सोडण्याआधी काय उरकून घ्यावं

सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या एमएससी एचआरएमसाठी (मनुष्यबळ व्यवस्थापन) इंग्लंडला निघताय, चाकणच्या कारखान्यात एचआरचा अनुभव आहे आणि डिझर्टेशनसाठी, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रबंधासाठी, तिथलीच माहिती वापरावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर वापरा. फक्त परवानगीचं काम भारतात असतानाच सुरू करा. बहुतेकांचं डिझर्टेशन लिहिण्यात अडत नाही, परवानगीत अडतं.

यूकेतली मास्टर्स 180 क्रेडिट्सची असते. त्यातली बहुतेक ठिकाणी 60 डिझर्टेशनची, म्हणजे पदवीचा तिसरा हिस्सा. शब्दमर्यादा साधारण 12 ते 15 हजार. पन्नासला पास, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन. आपल्याकडच्या टक्केवारीच्या सवयीने 62 बघून हिरमुसू नका, तो चांगला निकाल आहे.

प्रपोजल (संशोधनाचा आराखडा) फेब्रुवारी-मार्चमध्ये, एथिक्स अप्रूव्हल (माणसांवरच्या संशोधनाला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी) एप्रिलच्या आसपास, मुलाखती मे-जूनमध्ये, लेखन जुलैत आणि सबमिशन ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, असा साधारण क्रम. अप्रूव्हल हातात पडण्याआधी घेतलेली एकही मुलाखत वापरता येत नाही. अर्ज परत येतो तो ठरावीक कारणांनी: कंपनीचं लेखी पत्र नाही, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार आणि कधी पुसणार हे लिहिलेलं नाही, किंवा कामगारांना मुलाखतीला त्यांचेच साहेब पाठवणार आहेत. शेवटचं कारण सगळ्यात गंभीर. साहेबांनी सांगितल्यावर ‘नको’ म्हणायची मोकळीक राहत नाही, आणि तुम्ही स्वतः तिथल्या एचआरमध्ये होतात, त्यामुळे समिती याकडे बारकाईने बघते. म्हणून बोलावणं नोटीस बोर्डावरून जाऊ द्या आणि ज्याला यायचंय त्याने थेट तुम्हाला कळवावं अशी सोय ठेवा.

कंपनीचं पत्र लेटरहेडवर हवं, प्लांट हेड किंवा एचआर हेडच्या सहीचं. विषय काय, कोणत्या स्तरातले किती जण, कंपनीचं नाव गुप्त राहणार का आणि कोण काय बोललं हे व्यवस्थापनाला कळणार नाही, या चार गोष्टी त्यात असाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, चालेल’ कामाचं नाही. निघण्याआधी तत्त्वतः मान्यतेचं पत्र घ्या, प्रपोजल पक्कं झालं की नेमक्या विषयाचं दुसरं मागवा. आणि हजेरी, पगार, एक्झिट इंटरव्ह्यूच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन मुळीच निघू नका. ती माहिती कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या कामासाठी दिलेली असते, तुमच्या संशोधनासाठी नाही. विद्यापीठ ती नाकारेलच, शिवाय नोकरीच्या कराराचा भंग होईल तो वेगळाच.

विषय अरुंद ठेवा. ‘कर्मचाऱ्यांची प्रेरणा’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘लाइनवरून बढती मिळालेल्या सुपरव्हायझरना माणसं सांभाळण्याचं कोणतं प्रशिक्षण मिळतं’ हा विषय दहा मुलाखतींत नीट मांडता येतो. भारतात 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार लेबर कोड (कामगार संहिता) लागू झाले आहेत. जुन्या लेखांवर विसंबून 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आजचा कायदा म्हणून लिहाल, तर परीक्षकाचा बाकी संदर्भांवरचा विश्वासही उडेल.

मुलाखती मराठीत घेणार असाल तर माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी व इंग्रजी दोन्हीत करा, एथिक्सच्या अर्जाला दोन्ही जोडा. 45 मिनिटांच्या दहा मुलाखती म्हणजे साडेसात तास रेकॉर्डिंग. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला पाच-सहा तास धरा, म्हणजे साधारण 38 ते 45 तास नुसत्या टायपिंगचे, अनुवाद त्याहून वेगळा. सगळ्याचा अनुवाद करायचा की उद्धृत करायच्या वाक्यांपुरताच, हे विद्यापीठातल्या तुमच्या मार्गदर्शकाकडून आधीच ठरवून घ्या.

कोर्सला सीआयपीडीची (यूकेतली एचआर व्यावसायिकांची संस्था) मान्यता आहे का, हे सीआयपीडीच्या वेबसाइटवर बघा. एमएससी एचआरएम हे नाव असलं म्हणजे मान्यता असतेच असं नाही. मान्यताप्राप्त कोर्समध्ये शिफारशींना खर्च आणि वेळापत्रक जोडावं लागतं, शेवटी स्वतःच्या शिकण्यावर टिपण लागतं. हे भाग घाईत उरकले जातात आणि गुण तिथेच जातात. ‘प्रशिक्षण वाढवावं’ ही शिफारस नव्हे. कोणी, कोणत्या महिन्यात, किती रुपयांत, कोणतं काम थांबवून, हे लिहा.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. मास्टर्सवाल्यांचे डिझर्टेशनचे उन्हाळी महिने सुट्टीत धरत नाहीत, तिथेही 20 तासच. बीएचं शिकणारा रूममेट जूनमध्ये पूर्ण वेळ काम करतो म्हणून आपणही करावं, असा गैरसमज व्हिसावर बेततो. पुढचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर यूकेत राहून काम करण्याचा, 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिन्यांचा मिळेल, आधीसारखा दोन वर्षांचा नाही. अर्ज यूकेत राहूनच, स्टुडंट व्हिसा संपण्याआधी आणि कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने होम ऑफिसला (यूकेचं गृहखातं) कळवल्यावर करायचा. पदवीदान समारंभाची वाट बघावी लागत नाही. पण डिझर्टेशन नापास झालं तर पुन्हा सादर करावं लागतं, गुण बहुधा पन्नासवर अडकतात, आणि नवा निकाल येईपर्यंत स्टुडंट व्हिसाची मुदत उलटू शकते.

मुलाखतींसाठी मे-जूनमध्ये चाकणला जाऊन राहण्याचा बेत असेल तर तो सोडा. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या कोर्सला ग्रॅज्युएट व्हिसासाठी संपूर्ण कोर्स यूकेत राहून केलेला असावा लागतो. मुलाखती टीम्सवर, व्हिडिओ कॉलने घ्या. उन्हाळ्यात यूके साडेचार तास मागे असतं, त्यामुळे साडेतीनला सुटणारी पहिली शिफ्ट तुम्हाला सकाळी अकराला भेटेल. कामगारांना बसायला कॅन्टीन नको, दार लावता येईल अशी खोली कंपनीकडे मागा आणि तेही त्या पत्रातच लिहून घ्या.