पोरगा म्हणतोय इलेक्ट्रिशियन, घरचे म्हणतायत इंजिनियर

दादा नमस्कार, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातनं तुम्ही लिहिलंय की पोराला एसएसएलसीला (दहावीला) ६१ टक्के पडलेत, गणितात जेमतेम पास, सुट्टीत मामाबरोबर घरांच्या वायरिंगला जातोय आणि आता आयटीआय इलेक्ट्रिशियनच करणार म्हणून हटून बसलाय, आणि तुम्हाला मात्र त्याला बीई करायचंय, त्यासाठी शेत गहाण टाकायचीपण तयारी आहे.

शेताचं आधी सांगतो, नको. गणिताला घाबरणारं पोरगं पीयूसी सायन्सला (अकरावी-बारावी) घालायचं, मराठी मीडियममधनं एकदम सगळं इंग्लिशमध्ये, मग सीईटी, म्हणजे इंजिनियरिंगची प्रवेश परीक्षा, तिथं रँकला निम्मे मार्क पीयूसीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे आणि निम्मे सीईटीचे धरतात, रँक लागली नाही की मॅनेजमेंट सीट आणि पहिल्याच सेमला मॅथ्स बॅक, असली पोरं माझ्याकडं दरवर्षी येतात.

आयटीआय केलं की इंजिनियरिंगचं दार बंद, असं तुमच्या डोक्यात बसलंय, पण जरा हिशोब करा. पीयूसी २ वर्षं आणि बीई ४, झाली ६. इकडं आयटीआय २, मग लॅटरल एन्ट्रीनं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला म्हणजे आणखी २, मग डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला, तिथं ३. टोटल ७! एका वर्षाचा फरक, आणि मधे कुठंही थांबला तरी कमवू शकतोय. फक्त ह्या वाटेवरपण पुढं गणित आडवं येणारच, त्यामुळं आयटीआय करता करता संध्याकाळी त्याची ट्यूशन लावा, पैसे तिथं घाला.

आता पोराला सांगायचं ते. नुसतं सर्टिफिकेट घेऊन मामाच्या मागं फिरायचं नाही. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करायचीच, बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेकडच्या फौंड्री, कारखाने बघावेत, रेल्वेचंपण हुबळीला निघतं, तिथं मोटर, पॅनेल, कंट्रोल वायरिंगवर हात बसतोय जो घराच्या वायरिंगमध्ये कधी बसत नाही. नंतर सरकारच्या इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टोरेटचं वायरमन परमिट काढायचं, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या लायसन्सवर काम. आणि कन्नड! हेस्कॉमच्या (इकडच्या सरकारी वीज कंपनीच्या) नोकरीला कन्नड लागतंच, सीमाप्रश्न आपल्या जागी, पोराचं पोट आपल्या जागी (रागावू नका).

डिप्लोमा थेट घेतला तर? ३ वर्षं, वाईट नाही, पण त्याचं मन वायरमध्ये आहे, मी असतो तर आयटीआयलाच घातला असता, तेपण गव्हर्नमेंटच्या, फी नावापुरती असते. तरीपण दोन्हीकडं फॉर्म भरून ठेवा. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतनं (महसूल खात्याच्या ऑफिसातनं) आत्ताच काढा, पहिली ते दहावी गावातच शिकला असेल तर शाळेकडनं रूरल सर्टिफिकेट घ्या, ॲडमिशनच्या टायमाला नाडकचेरीत मुंगी शिरायला जागा नसते.