आता कोणता क्लास लावू?

दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आईवडील आले होते. वडिलांनी बसल्या बसल्याच विचारलं, "मॅडम, वर्गात शिकवतात ते हिला आधीच येतं. शाळेत कंटाळते. आता बाहेर कोणता क्लास लावू?" कोडिंग, रोबोटिक्स, बुद्धिबळ आणि जलद गणित चालूच होतं. मुलगी पेंगुळलेली.

मी तिला एकटीला विचारलं, "कुणी काहीच करायला सांगितलं नाही तर काय करतेस?" तिनं दप्तरातून वही काढली. पौर्णिमेनंतरच्या चार-पाच रात्री चंद्र किती वाजता उगवला, त्याच्या नोंदी आणि चित्रं. रोज साधारण ५० मिनिटं उशीर होतो, हे तिनं स्वतः शोधलं होतं. हा उशीर कधी कमी, कधी जास्त का, यावर गाडी अडली होती. आईला वही माहीत होती. "त्यातच वेळ घालवते," ती म्हणाली.

मी दोन क्लास बंद करायला सांगितले. कोणते, ते मुलीनं ठरवायचं. (तिनं क्षणाचाही विलंब लावला नाही.) मग हौशी आकाशनिरीक्षकांचा गट शोधा म्हटलं; लहान मुलांना येऊ देतात का ते आधी विचारा, आणि सोबत तुमच्यापैकी एकानं बसा. तिथला माणूस मोठा तज्ज्ञ नसला तरी चालेल. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८५च्या अभ्यासात पियानोवादक, जलतरणपटू, गणितज्ञ अशा आपापल्या क्षेत्रात शिखर गाठलेल्या १२० जणांचा प्रवास तपासला होता. त्यांचे पहिले शिक्षक बहुधा नावाजलेले नव्हते. मायेनं गोडी लावणारे होते.

घरबसल्या काही हवं असेल तर 'गॅलेक्सी झू' हा इंटरनेटवरचा प्रकल्प आहे. दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, फोटो पाहून आकार सांगायचा, ते काम संशोधकांच्या उपयोगी पडतं. २००७ साली हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला तिथेच वायूचा एक विचित्र ढग दिसला आणि खगोलशास्त्रज्ञ त्याच्या मागे लागले.

"याचं सर्टिफिकेट मिळतं?" वडिलांनी विचारलं. नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला. दीर्घिका सुटल्या होत्या, मुलगी आता भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत होती. "धरसोड करते," त्यांची तक्रार. मला ती धरसोड वाटली नाही. भरती-ओहोटीमागे चंद्र तर तोच होता. गटातल्या एका निवृत्त अभियंत्यांशी ती तासन्‌तास वाद घालते, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. तेवढं जाणं चुकवू नका म्हटलं, पुढची भेट ठेवली नाही.