शेवटच्या सेकंदाची बोली

हे बघ बे, नवी पेठेत घासाघीस करतोस तशी ईबेच्या ऑनलाइन लिलावात जुन्या नाण्यासाठी बोली वाढवत बसू नकोस. तुझा आकडा चढला की समोरच्यालाही चेव येतो. नाणं राहतं बाजूला, जिरवाजिरवी सुरू होते. टपाल-कस्टम्स धरून कमाल आकडा आधीच ठरव आणि शेवटच्या आठ-दहा सेकंदांत एकदाच टाक. जिंकलास तरी ठरवलेले सगळे पैसे जात नाहीत, दुसऱ्या मोठ्या बोलीच्या फार तर एक पायरी (साइटने ठरवलेली किमान वाढ) वर. गोल आकडा नको: बरोबरी झाली तर आधीचा जिंकतो. उशिरा बोली आली की काही लिलावांची वेळ वाढते, पूर्वी ॲमेझॉनवर वाढायची; तिथे ही युक्ती फारशी चालत नाही, म्हणून नियम आधी वाच. आणि हो, लाइटचा भरवसा नको, मोबाइल डेटा चालू ठेव.