मळ्याची गाडीवाट आणि सहा महिन्यांची मुदत

प्रश्न : नाशिक शहराच्या हद्दीला लागून असलेल्या गावात सहा वर्षांपूर्वी वीस गुंठे द्राक्षबाग आणि तिच्यातले घर आम्ही विकत घेतले. शिवरस्त्यापासून आमच्या मळ्यापर्यंत शेजारच्या गटाच्या बांधाकडेने साधारण दहा फुटांची गाडीवाट आहे. शेजारची जमीन गेल्या वर्षी विकली गेली. नव्या मालकांनी मागच्या ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी वाटेवर दगड टाकले होते. सरपंचांच्या सांगण्यावरून दोन दिवसांत काढले. यंदा १२ एप्रिलला मात्र वाटेच्या तोंडाशी लोखंडी अँगल रोवून साखळी लावली. माणूस आणि मोटारसायकल जाते. पिकअप, ट्रॅक्टर जात नाही. ग्रामपंचायतीला अर्ज दिला. पोलिसांनी ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून अदखलपात्र नोंद करून परत पाठवले. शेजारी म्हणतात, दिवाळीनंतर बसून मिटवू. खरेदीखतात ‘येण्याजाण्याच्या हक्कासह’ असे लिहिलेले आहे. शिवाय त्यांची फवारणी आणि पहाटेचा ब्लोअर (फवारणीचे पंख्याचे यंत्र) यांचाही त्रास होतो. दिवाणी दावा लावावा का?

उत्तर : शहर मळ्यांपर्यंत पोहोचले की हा प्रश्न येतोच. नाशिकला द्राक्षात येतो, सासवडला अंजीर-सीताफळात, काटोलकडे संत्र्यात. त्यामुळे रस्ता अडवणे बरोबर की चूक, यावर शब्द खर्च करत नाही. तुमच्या पत्रात कामाची गोष्ट एकच आहे, १२ एप्रिल ही तारीख. आणि तुमचे पत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले आहे.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली शेतजमिनीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला, तर तहसीलदार (जुन्या भाषेत मामलेदार) मनाई हुकूम देऊ शकतात. तुमच्यासाठी सर्वांत जवळचा आणि स्वस्त मार्ग हाच. पण त्याच कलमाची तिसरी पोटकलम सांगते की, दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला नाही तर तो ऐकताच येणार नाही. हे कारण कधी घडले असे धरायचे, तेही चौथ्या पोटकलमात आहे : अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवशी. ‘साखळी रोज लागलेली असते, म्हणजे कारण रोज नव्याने घडते’ हा युक्तिवाद दिवाणी न्यायालयात काही वेळा चालतो. तहसीलदारांसमोर कायद्याचे शब्दच आडवे येतात. तेव्हा ११ ऑक्टोबर ही शेवटची तारीख धरा. बारा तारीख मुदतीत बसते की नाही, यावर नंतर वाद घालण्याची वेळ आणू नका. शनिवार, रविवार, गांधी जयंती वगळली तर हातात किती दिवस उरतात ते कॅलेंडरवर बघा. शेजारी दिवाळीनंतरचाच मुहूर्त का सुचवतात, हेही मग कळेल.

साडेपाच महिने तुम्ही ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांत घालवलेत. त्या अर्जांनी मुदत थांबत नाही. एका अर्जाने तर नुकसानच होईल. त्याची प्रत तुम्ही जोडली आहे. तीत लिहिले आहे : ‘आम्हास शेतात जाण्यास रस्ता नाही, तरी रस्ता मिळवून द्यावा.’ तारखेच्या जागी ‘गेल्या काही महिन्यांपासून’. समोरचा वकील हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवेल, कारण कलम ५ खाली तुम्हाला नेमके उलटे सांगायचे आहे. रस्ता आहे, पूर्वापार आहे, वापरात होता आणि अमुक दिवशी अडवला. नवा रस्ता मागायचा असेल तर ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. त्यात तहसीलदार इतरांच्या बांधावरून वाट देऊ शकतात. दोन्ही कलमे एकाच अर्जात टाकण्याची तहसील कचेऱ्यांत फार सवय आहे आणि पुढे वरच्या अधिकाऱ्यांकडे असे आदेश याच कारणाने टिकत नाहीत. अर्जलेखकाने छापील नमुन्यावर दोन्ही कलमे लिहिली, तर एक खोडायला लावा.

आता ऑक्टोबरातल्या दगडांकडे या. पत्रात तुम्ही ते ओघात लिहून टाकलेत, पण प्रकरण इथेच फसू शकते. शेजारी म्हणतील, अडथळा ‘पहिल्यांदा सुरू’ झाला तो गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे मुदत यंदाच्या एप्रिलमध्येच संपली. याला उत्तर आहे, पण ते कागदावर हवे. दगड काढले गेले, त्यानंतर वाट मोकळी होती आणि द्राक्षाचा खुडा होईपर्यंत त्या वाटेने गाड्या गेल्या. म्हणजे ऑक्टोबरचा अडथळा तिथेच संपला. एप्रिलचे अँगल हे वेगळे, नवे कारण. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल ज्या व्यापाऱ्याने उचलला त्याची पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, पिकअपवाल्याचे प्रतिज्ञापत्र, त्या काळात मळ्यात आलेल्या शेणखताची किंवा औषधांची डिलिव्हरी चलने, मोबाइलमधले तारखेचे फोटो, हे सगळे याच एका मुद्द्यासाठी जमवा. सरपंचांनी दगड काढायला लावले असतील तर त्यांचेही प्रतिज्ञापत्र घ्या आणि त्यात दगड काढल्याची तारीख येऊ द्या. मागचे ऑक्टोबर लपवू मात्र नका. तुम्ही नाही सांगितले तर ते सांगतील, आणि मग खोटे तुम्ही पडाल.

दुसरी अडचण घराची. कलम ५ शेतीसाठी वापरात असलेल्या जमिनीचे आणि तिकडे जाणाऱ्या वाटेचे रक्षण करते. समोरून ‘हा बंगला आहे, शेत कुठे?’ असा सूर लागणार. म्हणून सातबारा काढा आणि पिकाच्या नोंदीत यंदा द्राक्ष दिसते का ते पाहा. ई-पीक पाहणी स्वतः मोबाइलवरून करायची असते हे बहुतेक जण विसरतात आणि मग उभ्या बागेच्या सातबाऱ्यावर पीक कोरे राहते किंवा पड लागते. तसे असेल तर आजच तलाठ्यांना (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) भेटा. अर्जात घराचा उल्लेख एका वाक्यात पुरे; बागेचे वर्णन मात्र नीट हवे : किती ओळी, कोणता वाण, फवारणीचा ट्रॅक्टर आणि क्रेटची पिकअप किती रुंद आणि अँगलमधले अंतर किती. टेप लावून फूट-इंचांत मोजा. ‘पिकअप जात नाही’ असे मोघम लिहून भागत नाही.

मुख्य परिच्छेद साधारण असा यावा (जाबदार म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते) : ‘अर्जदाराच्या गट क्रमांक अमुक या बागायत जमिनीत जाण्यासाठी शिवरस्त्यापासून जाबदारांच्या गट क्रमांक तमुकच्या पूर्व बांधालगत सुमारे १० फूट रुंदीची पूर्वापार गाडीवाट आहे. अर्जदार व त्याचे पूर्वहक्कदार ती बैलगाडी, ट्रॅक्टर व मालवाहू वाहनांसाठी विनाअडथळा वापरत आले आहेत. जाबदारांनी दिनांक १२ एप्रिल रोजी वाटेच्या तोंडाशी लोखंडी अँगल व साखळी लावून वाहनांचा वापर बंद केला.’ खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी सांगणे), साक्षीदार व कागदपत्रांची यादी, हाताने काढलेला का होईना पण गट क्रमांक घातलेला कच्चा नकाशा. जाबदार म्हणून साखळी लावणारा एकटाच नको. शेजारच्या सातबाऱ्यावर जितकी नावे, तितके सगळे. एखादा सहहिस्सेदार राहिला की तोच पुढे ‘मला नोटीस नाही’ म्हणून उभा राहतो.

अर्जापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मात्र पाहून घ्या. तुमची वाट त्यावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असेल तर ती नकाशावरची गाडीवाट; मग अतिक्रमण काढणे हे तहसीलदारांचे काम, आणि सगळे चित्र तुमच्या बाजूने फिरते. एकेरी तुटक रेषा ही पायवाट. तिच्यावर गाडीचा हक्क सांगणे अवघड. काहीच नसेल तर वहिवाटीच्या पुराव्यावरच लढायचे. नकाशा मिळायला उशीर होत असेल तर त्यासाठी अर्ज थांबवू नका, नंतर जोडता येतो.

खरेदीखतातल्या ‘येण्याजाण्याच्या हक्कासह’ या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका. विकणाऱ्याकडे जो हक्क होता तोच तुम्हाला मिळतो. शेजारी त्या खतात पक्षकार नाहीत. वाट कोणत्या गटातून, किती रुंदीची, हे तेव्हाच चतुःसीमेत लिहून घेतले असते तर आज हे पत्र लिहावे लागले नसते. तुमचा गट आणि शेजारचा गट पूर्वी एकाच मालकाचे होते का, हे जुन्या फेरफारांवरून काढा. तसे असेल तर भारतीय सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरेचा हक्क) अधिनियम, १८८२ च्या कलम १३ प्रमाणे गरजेची वाट मागता येईल. नसेल तर कलम १५ : उघड, शांततेत, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वापर. तुमची सहा वर्षे आणि आधीच्या मालकाची वर्षे जोडता येतात, म्हणून त्यांची साक्ष अत्यावश्यक. हे सारे दिवाणी दाव्याचे सामान आहे, आणि तिथेही एक काटा फिरतोय : वीस वर्षांचा वापर दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला असला पाहिजे.

तरी दिवाणी दाव्याने सुरुवात करू नका. तिथे तुम्ही वादी, पुरावा तुमच्यावर, आणि रोवलेले अँगल अंतरिम टप्प्यावर काढून टाकण्याचा हुकूम क्वचितच मिळतो. दरम्यान एकेक हंगाम जाईल. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरातली फळछाटणी) फवारणीचा ट्रॅक्टर नेता आला नाही तर बाग डाऊनी या बुरशीच्या रोगाला बळी पडेल आणि न्यायालय पुढची तारीख देईल. तहसीलदारांचा हुकूम तुमच्या बाजूने झाला तर दिवाणी न्यायालयात जाऊन तो फिरवण्याची जबाबदारी शेजाऱ्यांवर जाते. या हुकुमावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याने हुकूम तपासणे) आहे, आणि ते व्यवहारात प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) चालते. शेजारी आधीच दिवाणी न्यायालयात धावतील अशी शंका असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये, अशी आगाऊ सूचना) दाखल करून ठेवा. ती नव्वद दिवस टिकते. मुदत चुकलीच, तर कलम १४३ चा वेगळा अर्ज आणि दिवाणी दावा हे दोनच मार्ग उरतात. बंद नाहीत, लांब आहेत.

स्थळपाहणीच्या दिवशी मळ्यात हजर राहा. मंडळ अधिकारी पंचनामा करताना ‘वाट दिसत नाही’ असे लिहून जातात, कारण पावसाळ्यात चाकोरीवर गवत उगवलेले असते. गवत हलवून खालची चाकोरी दाखवा, मुरूम टाकलेला असेल तर तोही, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. एप्रिलपूर्वीच्या उपग्रह छायाचित्रात वाट स्पष्ट दिसत असेल तर तारखेसह प्रिंट द्या; निर्णायक नसली तरी उपयोगी पडते.

वीस गुंठ्यांची खरेदी तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरची बंदी) किंवा कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावरची बंदी) अडकते का, हे खरेदीखत आणि तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. शेजाऱ्यांनी तो मुद्दा काढला तर घाबरू नका, पण कागद तयार ठेवा. फवारणी आणि ब्लोअर या अर्जात अजिबात आणू नका. त्याने रस्त्याचे प्रकरण शेजाऱ्यांच्या भांडणात जाते. द्राक्षपट्ट्यात ब्लोअर पहाटे चालतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो.

अर्ज दाखल करून आवक क्रमांकाची शिक्का मारलेली प्रत हातात आली की मग शेजाऱ्यांबरोबर दिवाळीनंतर खुशाल बसा. तडजोड झाली तर ती तहसीलदारांसमोर लेखी नोंदवा आणि शिवाय दुय्यम निबंधकांकडे रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करा : गट क्रमांक, लांबी, रुंदी, कोणती वाहने, ठिबकची पाइपलाइन त्याच वाटेखालून न्यायची परवानगी, मुरूम कोणी टाकायचा, सोबत मोजणीचा नकाशा. दस्तावर शेजारच्या सातबाऱ्यावरील सर्वांच्या सह्या. त्यानंतर फेरफार करून दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत नोंद. शेतरस्त्यांची अशी नोंद घेण्याबाबत महसूल विभागाने २०२५ मध्ये स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत, त्यामुळे तलाठ्यांनी टाळाटाळ केली तर त्यांच्यापुढे त्या ठेवा.